लोटूभाऊंच्या नावाचं मीटर

लोटूभाऊंनी मंगळवारी सकाळी मीटरमध्ये पाचशे रुपये भरले आणि बुधवारी दुपारी त्यांच्या घरची लाईट गेली. पाचशे रुपये त्या घराला अठरा दिवस पुरतात. एक ट्यूब, दोन पंखे, एक टीव्ही. त्यांना वाटलं, वायरमध्ये काही बिघडलं असेल. बोर्ड उघडून पाहिला, सगळं जागेवर होतं. मग चष्मा लावून मोबाईल बघितला, तर शिलकीच्या जागी वजा बत्तीस रुपये.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. सुरतेत पांडेसऱ्यातल्या ज्या डाइंग हाउसात मी हिशेब बघतो, तिथे लोटूभाऊ जेटवर होते. जेट म्हणजे कापड उकळत्या रंगातून फिरवणारं मशीन. त्यावर काम करणाऱ्याच्या नखांतून रंग कधी पुरता जात नाही. त्या दिवशी मोरपंखी होता.

"मेताजी," ते म्हणाले. इथे हिशेबनिसाला सगळे मेताजीच म्हणतात. "हा मोबाईल बिघडला, की मीटर?"

मेसेज गुजरातीत होता. मी वाचून दाखवला. जुन्या थकबाकीपोटी त्यांच्या शिलकीतून रोज दोनशे अडतीस रुपये कापले जाणार होते. थकबाकी एकूण एकाहत्तर हजार चारशे साठ.

"कोणाची?"

"तुमच्या नावावर आहे."

ते हसले. "मेताजी, माझ्या आधीची तीन पोरं गेली, म्हणून आईनं मला उकिरड्यावर लोटून परत उचललं आणि नाव लोटू ठेवलं. असल्या नावावर कोण एवढे पैसे ठेवेल?"

हसण्यासारखंच होतं ते. लोटूभाऊंनी लाईटचं बिल उशिरा भरलं असं कधी झालंच नव्हतं, आणि ते बिल एका घराचं नव्हतं, आठ घरांचं होतं.

बमरोलीत ते राहतात ती आठ खोल्यांची ओळ आहे. खोल्या झाल्या तेव्हा सगळ्या ओळीला मिळून एकच मीटर आलं आणि ते लोटूभाऊंच्या नावावर घ्यावं लागलं, कारण सुरतेचं रेशनकार्ड त्या आठ घरांत एकट्या त्यांच्याकडे होतं. बाकीच्यांनी आपली नावं गावीच ठेवली होती. शिंदखेडा तालुक्यातून इकडे आलेला माणूस सुरतेत तीस वर्षं राबतो, पण रेशन, मतदान, आधार सगळं गावच्या पत्त्यावर ठेवतो. नाव काढलं की गाव सुटलं, असं आमच्याकडे मानतात. माझंही नाव पुष्कळ वर्षं गावीच होतं.

बिल आलं की लोटूभाऊ ओट्यावर बसत. कोणाकडे किती दिवे, किती पंखे, कोणाकडे पाहुणे जास्त आले होते, हे सगळ्यांसमोर बोलून वाटणी ठरे. कोणाचा पगार अडकला असला तर त्याचं लोटूभाऊ घालत आणि पुढच्या महिन्यात मागत नसत, आठवण करून देत. बावीस वर्षं हे चाललं. ओळीत सगळे त्यांना बापू म्हणत; कुठल्याही पोराला विचारलं तर "बापूची लाईट" म्हणे, कंपनीची नाही.

या प्रकाराच्या दोन वर्षं आधी नवी मीटरं आली. आधी पैसे भरा, मग लाईट वापरा, अशी. प्रत्येक घराला वेगळं मीटर, वेगळा नंबर. तोवर पोरांनी बँकेसाठी, शाळेसाठी सुरतेचे पत्ते करून घेतले होते. चार नंबरच्या खोलीतला वाल्मिक एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात काम करतो, मोबाईलवर हात बसलेला. त्याने सगळ्यांचे फॉर्म भरले.

"बापू, आता सुटले तुम्ही," तो म्हणाला होता. "आता आमची लाईट गेली तर आम्ही आमच्याच नावानं बोंबलू."

अडली फक्त आठ नंबरची खोली. तिथे धुरपदाबाई एकट्या राहतात. नवरा लूम्सवर होता, वारला. त्या घरी साड्यांना लेस लावतात, मोटारीच्या शिलाई मशीनवर. त्यांचा पत्ता गावचाच होता आणि तो बदलण्यासारखा नव्हता, कारण गावच्या पत्त्यावर त्यांना महाराष्ट्र सरकारची विधवा पेन्शन येत होती. सुरतेचा पत्ता केला की पेन्शन बंद. महिन्याला पंधराशे. सुरतेच्या पत्त्याशिवाय मीटर नाही.

लोटूभाऊंनी मीटर बसवायला आलेल्या माणसांना सांगितलं, "जुनं राहू द्या. त्या माउलीपुरतं चालेल. नाव माझंच आहे, बिल मी भरेन."

माणसांना आठ खोल्या संपवून पुढे जायचं होतं. त्यांनी राहू दिलं. जुनी केबल सातही दारांवरून आठव्या खोलीपर्यंत गेलेली होती, ती तशीच राहिली. तिच्यातून घरोघर गेलेल्या फांद्या ज्याने त्याने कापायच्या, असं ठरलं. लोटूभाऊंनी आपली त्याच दिवशी कापली आणि टोकाला काळी टेप गुंडाळली.

नंतर जुन्या मीटरचं बिल आलंच नाही. लोटूभाऊ दोनदा ऑफिसात जाऊन विचारून आले. "आएगा तो भर देना," एवढंच उत्तर मिळालं. धुरपदाबाई मात्र दर महिन्याला तीनशे रुपये आणून देत आणि लोटूभाऊ ते तुपाच्या रिकाम्या डब्यात ठेवत. बिल आलं की एकदम भरू. बावीस महिन्यांचे सहा हजार सहाशे त्यात होते. त्यांना वाटे, बिल आलं तर दोन पैसे उरतील.

मी त्यांच्याबरोबर वीज ऑफिसात गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, बोलायला चांगली. तिने स्क्रीन आमच्याकडे वळवली. "काका, जूनुं मीटर चोपडे बंध छे, पण चालु हतुं." कागदावर बंद, पण प्रत्यक्षात चालू. म्हणून बिल निघालं नव्हतं. मार्चमध्ये तपासणीवाले येऊन आकडा घेऊन गेले आणि सगळं एकदम लागलं, दंडासह. माणूस तोच, म्हणून थकबाकी त्याच्या नव्या मीटरवर चढली.

"पण बेटा," लोटूभाऊ म्हणाले, "एक बाई राहते तिथे. एक पंखा, एक मशीन."

"काका, आठ हजार युनिट छे."

मी अर्ज लिहून दिला. रोजचे दोनशे अडतीस कमी करून साठ करून घेतले, जूनअखेरपर्यंत. जूनअखेर कशासाठी, ते मला ठाऊक होतं. तीस जूनला लोटूभाऊ निवृत्त होणार होते. गावी भावाने घराशेजारची जागा त्यांच्यासाठी सोडली होती, पाया भरून ठेवला होता. ग्रॅच्युइटीच्या पैशात त्यावर पत्र्याची एक खोली आणि संडास. लोटूभाऊंच्या बायकोनं, रंजनावहिनींनी, त्या खोलीसाठी दोन वर्षं आधीच गोधड्या शिवून ठेवल्या होत्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीतली सतरा वर्षं ठेकेदाराकडची, ती धरली जात नाहीत. नऊ वर्षांच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब मीच काढला होता. सत्तर हजार शहाण्णव.

ऑफिसातून परत येताना मी म्हणालो, "लोटूभाऊ, एका पंख्यानं आठ हजार युनिट होत नाहीत. उद्यापासून रोज सकाळी मीटरचा आकडा लिहून आणा."

ते आणू लागले. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर, पेन्सिलीने. एकोणीस. एकवीस. अठरा. रोजचे युनिट. बाहेर एप्रिलचं ऊन होतं.

मग अखाजी आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे अखाजी म्हणतात आणि तिला सुरतेतला खान्देश रिकामा होतो. लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. लोटूभाऊ मात्र त्या वर्षी गेले नाहीत. घागर भावाने भरली.

ओळीतली सगळी घरं नेहमीप्रमाणे किल्ल्या बापूंच्या हाती देऊन गेली. तुळशीला पाणी घाला, मांजर आत शिरत नाही ना बघा. पाठीमागे राहिली दोनच घरं, एक लोटूभाऊंचं आणि एक धुरपदाबाईंचं.

पाकिटाच्या कागदावर पुढचे आकडे आले. एक. एक. दोन. एक.

लोटूभाऊ माझ्यासमोर बसले होते. दोघांनाही कळलं होतं. तरी मी म्हणालो, "किल्ल्या तुमच्याकडेच आहेत. एकदा उघडून बघा, कोणाच्या कूलरची वायर कुठून घेतलीय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "किल्ली तुळशीला पाणी घालायला दिली आहे, मेताजी."

मग मी माझ्या सवयीने जे करायचं ते केलं. एका कागदावर सात घरं लिहिली, लोटूभाऊंचं सोडून. धुरपदाबाईंचा वाटा डब्यातल्या पैशांतून फिटत होता. बाकी सहा घरांवर सारखी वाटणी केली. प्रत्येकी दहा हजार आठशे दहा. महिन्याला नऊशे दिले तर एका वर्षात संपत होतं. ओळीतल्या कुठल्याच घराला नऊशे रुपये जड नव्हते. कागदाची घडी करून मी त्यांच्या खिशात ठेवली. "सगळे परत आले की ओट्यावर बसा. आजवर जसे बसत होता तसे."

आठ दिवसांनी सगळे परतले. गावाहून येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. त्या रविवारी मी मुद्दाम तिथे गेलो होतो. एकेक घर किल्ली न्यायला येई आणि काहीतरी ठेवून जाई. ज्वारीचे बिबडे पापड, कळण्याच्या भाकरीचं पीठ, डांगर म्हणजे खरबुजं, आंबे. रंजनावहिनींच्या दारात ढीग झाला. लोटूभाऊ प्रत्येकाला विचारत होते, "पाणी किती आहे विहिरीला? तुझ्या आजीचा डोळा कसा आहे?" कागद त्यांच्या खिशात होता. वरचा कोपरा दिसत होता. प्रत्येक जण बोलून उठे आणि त्यांचा हात खिशाकडे जाऊन परत येई.

सहा नंबरचा गजेंद्र आंब्यांची पिशवी घेऊन आला. "बापू, झाडावरचे आहेत. तुमच्यासाठी वेगळे काढले."

रंजनावहिनी आतून बाहेर आल्या. "आणलेस ते बरं केलं रे. हे कूलरचं भाडं म्हणायचं का?"

"कसलं भाडं, काकू?"

"मना घरमा दोन दिवस पंखा नव्हता. तुना घरमा दोन उन्हाळे कूलर चालला. त्याचं."

"अगं, राहू दे," लोटूभाऊ म्हणाले.

"काय राहू दे? बावीस वर्षं राहूच दिलं." त्यांनी नवऱ्याच्या खिशातून कागद ओढला आणि ओट्यावर उघडून ठेवला. "वाचा. मेताजींनी लिहिलंय. प्रत्येकाचं नाव आहे."

एकेक माणूस गोळा झाला. गजेंद्रने कागद बघितला आणि वाल्मिककडे दिला. वाल्मिकने पुरता वाचला.

"बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. मग कागद ओट्यावर ठेवत, "पण काकू, कूलर एकट्या गजेंद्रचा नव्हता. सगळ्यांचेच होते. बिल येत नव्हतं, वाटलं कंपनीचं फुकट चाललंय. चालतंय तोवर चालू दे."

"मग आता भरा सगळ्यांनी."

"भरलं असतं," वाल्मिक म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "पण जुनं मीटर ठेवा म्हणून आम्ही सांगितलं होतं का? आम्ही आमची मीटरं घेतली, आमचे पैसे भरतो. तार बापूंनी ठेवली. नाव बापूंचं. आता कंपनीनं दंड लावला, तर त्याचा वाटा आमच्यावर कसा?"

"फांदी तुझ्या दारात होती, कापायची तुला होती," मी म्हणालो.

"हां मेताजी, चुकलं. पण तुमच्या कागदात वापराचे किती आणि दंडाचे किती, ते वेगळं कुठे आहे?"

नव्हतं. मी सारखी वाटणी केली होती. कुठल्या घरात किती चाललं ते कळायला मार्गच नव्हता. त्या एका प्रश्नाने सगळ्यांना उभं राहायला जागा मिळाली. कोणी म्हणालं, माझा कूलर तर छोटा. कोणी म्हणालं, आम्ही तर मागच्या वर्षी फक्त इस्त्री केली. बोलणं मोठं होत गेलं. बावीस वर्षं ज्या ओट्यावर दिवे आणि पंखे मोजून वाटणी झाली, तिथेच त्या दिवशी ती झाली नाही.

लोटूभाऊ उठले. कागदाची पुन्हा नीट घडी घातली. "आंबे कापा रे कोणीतरी," ते म्हणाले. "उन्हात राहिले तर उतरतील."

कोणी कापले नाहीत.

त्या सगळ्या गोंधळात एका माणसाकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. धुरपदाबाई आठ नंबरच्या उंबऱ्यात बसून होत्या. इतके दिवस लोटूभाऊंनी त्यांच्या कानावर यातलं काही जाऊ दिलं नव्हतं. त्या भिंत धरत आल्या.

"बापू, हाई सगळं मना लाईटमुळे व्हयनं का?"

"नाही, माय. तुझ्या लाईटमुळे नाही."

"मग तार कोनासाठी ठेवी?"

लोटूभाऊंनी आंब्यांची पिशवी उचलून सावलीत ठेवली.

संध्याकाळपर्यंत सहाही दारांवरच्या जुन्या फांद्या कापल्या गेल्या, टोकांवर नवी काळी टेप. तोंडाने कोणी काही कबूल केलं नाही. वाल्मिकने दुसऱ्या दिवशी न बोलता मोबाईलवरून हजार रुपये पाठवले. गजेंद्रने पाचशे दिले. बाकीचे पावसाळ्यानंतर बघू म्हणाले. पावसाळा येऊन गेला.

धुरपदाबाईंनी काय केलं ते आम्हाला जूनच्या शेवटच्या आठवड्यात कळलं. त्या लेसचा माल द्यायला जाते म्हणून तीन वेळा बाहेर गेल्या होत्या. एकदा नगरसेवकाच्या ऑफिसात राहण्याचा दाखला घ्यायला, दोनदा आधार केंद्रावर. पत्ता बदलून आला तसा त्यांनी वाल्मिककडूनच फॉर्म भरून घेतला आणि आठ नंबरला नवं मीटर बसलं. जुनं मीटर काढून नेलं, केबल गुंडाळून नेली. त्या दिवशी त्या लोटूभाऊंच्या घरी गूळ घेऊन गेल्या.

"आते तुम्हनं नाव मोकळं व्हयनं, बापू."

त्यांना वाटलं होतं, मीटर गेलं की त्याच्यावरचं कर्जही जाईल. एका रुपयाने कमी झालं नाही. लोटूभाऊंनी गूळ खाल्ला आणि तसं सांगितलं नाही. सप्टेंबरात गावच्या बँकेत पेन्शन आली नाही, ऑक्टोबरातही नाही. पत्ता दुसऱ्या राज्याचा, म्हणून नाव कमी झालं होतं. मी अर्ज लिहून दिला आहे. तालुक्याला जाऊन विचारायचं तर जायचं कोणी?

तीस जूनला लोटूभाऊंना मीच चेक दिला. ज्यांनी हार घालायचा ते मॅनेजर त्या दिवशी आले नव्हते, म्हणून हार माझ्या हातून घातला गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वीज ऑफिसात गेलो. डब्यातले सहा हजार सहाशे, वाल्मिक आणि गजेंद्रचे दीड हजार, अडीच महिने कापले गेलेले, सगळं वजा करून अठ्ठावन्न हजार सहाशे चौऱ्याऐंशी राहिले होते. ते भरले. उरले अकरा हजार चारशे बारा. एवढ्यात पत्रे येतात, भिंती येत नाहीत.

काउंटरवरच्या त्या मुलीने पावती दिली आणि म्हणाली, "काका, हवे कशुं बाकी नथी." आता काही बाकी नाही. लोटूभाऊंनी पावती दोन्ही हातांनी घेतली. बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघताना म्हणाले, "भावाला काय सांगू, मेताजी? तो घराच्या पायावर पाणी मारत बसलाय."

मी म्हणालो, खरं ते सांगा.

"तो विचारेल, ज्यांच्यासाठी केलं त्यांनी काय दिलं? मग गावभर या पोरांची नावं जातील. त्यांचे आईबाप तिथेच आहेत."

भावाला त्यांनी पैसे शेअरबाजारात बुडाले असं सांगितलं. ज्या माणसाने आयुष्यात लॉटरीचं तिकीट घेतलं नाही, त्याने. भाऊ आता त्यांच्याशी बोलत नाही. पायावर त्याने कडब्याची गंजी रचली आहे. लोटूभाऊ आमच्याच कंपनीत, आता घडी खात्यात, ठेकेदाराकडे रोजावर आहेत. कापडाच्या घड्या घालतात. नखं स्वच्छ झाली आहेत.

या वर्षीच्या अखाजीलाही ते गेले नाहीत. मी दुपारी त्यांच्याकडे गेलो. ओळ रिकामी होती. आठ दारांपैकी सहांना कुलपं, प्रत्येक दाराशेजारी मीटरचा लाल ठिपका लुकलुकत होता. लोटूभाऊंनी आईवडलांची घागर यंदा सुरतेतच भरली होती. मातीची लहान घागर, वर डांगर आणि आंबा. शेजारी धुरपदाबाईंच्या नवऱ्याची. दोन्ही घागरींना रंजनावहिनींनी कुंकू लावलं होतं. जेवायला बसलो. पुरणपोळी, आमरस. भिंतीवरच्या खिळ्याला सहा किल्ल्यांचा जुडगा होता.

जेवण होत आलं तेव्हा लोटूभाऊंचा फोन वाजला. वाल्मिक होता. गावी झोक्याजवळ उभा असावा, मागून बायकांची गाणी ऐकू येत होती. तो मोठ्याने बोलत होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"बापू, अखाजीचा राम राम. माझ्या मीटरचा मेसेज आलाय, बॅलन्स संपतोय. इथं नेट चालत नाही. फ्रीजमध्ये दूध आहे, पोराची औषधं आहेत. दोनशे टाकून द्या ना. आल्यावर देतो."

रंजनावहिनींनी हातातली वाटी खाली ठेवली.

"नंबर सांग," लोटूभाऊ म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला. वाल्मिक एकेक आकडा सांगत गेला, ते मोबाईलवर दाबत गेले, मग सगळा नंबर त्याला पुन्हा वाचून दाखवला, चूक होऊ नये म्हणून. दोनशे रुपये गेले. ते उठून दारापर्यंत गेले आणि चार नंबरच्या दाराशेजारच्या मीटरकडे बघत उभे राहिले.

"चालू आहे," ते आत येऊन म्हणाले, आणि ताटावर बसले.